सिनेमाचा काठ

आमच्या गल्लीत सिनेमा चांगला की वाईट हे काठावरून ठरायचं. आज कोणाला सांगितलं तर हसतात. हसा बापडे! पण आमची वस्ती विणकरांची, घरटी एक माग, आणि पोटाला जे देतं त्याच्याकडेच माणसाची नजर आधी जाणार. नवा बोलपट लागला की पहिल्या रविवारी गल्लीतले पुरुष धुतलेली धोतरं नेसून तीनच्या खेळाला जात आणि पडद्याजवळच्या स्वस्त बाकांवर दाटीवाटीनं बसत. नटी नवं लुगडं नेसून आली की बाकाबाकांवरून कुजबूज सुरू व्हायची, "काठ पाय गा, काठ पाय!" पाय म्हणजे पाहा. मागची शिकलेली मंडळी ओरडत, "ए, गप्प बसा." कोण गप्प बसतो! नटाचा बाप मरत असो की घर जळत असो, आमच्या लोकांची मान पदराच्या मागे फिरायची. कारण आठवड्याभरात शहरातल्या बाया दुकानात जाऊन "त्या सिनेमातलं पातळ दाखवा" म्हणणार, आणि ज्याच्या मागावर तो काठ आधी उतरेल त्याचा माल दुकानदार आधी उचलणार. त्यात पडदा काळा-पांढरा. मग परतीच्या वाटेवर रंगावरून भांडणं. एक म्हणे जांभळं होतं, दुसरा म्हणे हट्, काळं दिसते ते लालच असते. आमच्या शेजारचे नथ्थूकाका तर एकदा रंगाच्या वादात चप्पल हातात घेऊन उभे राहिले होते.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माग. जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून बा बसायचा. मी शाळेतून आले की रहाटावर कांड्या भरायला बसे, म्हणजे धोट्यात घालायचं सूत लहान नळ्यांवर गुंडाळायचं. माय चुलीपाशी. तिच्या एका चुलीवर भाकरी आणि दुसऱ्या चुलीवर सुताला लावायची खळ शिजायची, त्यामुळे आमच्या जेवणालाही खळीचा आंबूस वास असे, आणि खरं सांगायचं तर अंबाडीच्या भाजीला तो वास शोभायचा. गल्लीभर मागांचा आवाज. मी डोळे मिटून सांगू शकत असे की हा माग नथ्थूकाकांचा, हा कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचा. बाचा माग सगळ्यात संथ. खट्, मग जरा थांबून खट्. लोक म्हणत, काम सफाईदार आहे, म्हणून सावकाश करतो. मीही तेच समजत होते.

दामूभाऊ, माझा थोरला भाऊ, त्या वर्षी मॅट्रिकला होता. गल्लीतला पहिला. आतल्या खोलीत खिडकीपाशी तो मोठमोठ्यानं पाठ करत बसे आणि बाहेर बा मागावर त्या इंग्रजी शब्दांच्या तालावर मान डोलवे, एक अक्षर न कळता. "दामू कचेरीत बसन," बा सगळ्यांना सांगायचा. "खड्ड्यात नाही उतरत माहा पोरगा." भाऊला मागावर बसवायचं नाही, आणि गिरणीत तर नाहीच नाही, असं बानं ठरवलं होतं. गिरणीचं नाव काढलं तरी तो थुंकायचा.

तर बाची मतं. सोमवारी सकाळी नथ्थूकाकांच्या ओट्यावर बा बसला की चार माणसं आपोआप जमायची. "काय गा, कसा काय आहे सिनेमा?" मग बा तंबाखू मळत मळत सांगे. एका देवादिकांच्या बोलपटाबद्दल म्हणाला होता, "देव उडून राहिला अन् त्याच्या कमरेची दोरी आपल्याले दिसून राहिली. पण देवीचा शालू एक नंबर, रुद्राक्षकाठ, दोन बोटं रुंद." एका मारामारीच्या सिनेमाबद्दल, "बाई घोड्यावर बसते, तलवार फिरवते, सारं झालं, पण लुगडं एकच नेसते अथपासून इतिपर्यंत. पैसे पाण्यात." एका रडक्या सिनेमात नटी मरता मरता पूर्ण गाणं म्हणते, त्यावर त्याचं मत होतं की एवढा दम असता तर ती मेलीच नसती. लोक पोट धरून हसत. बानं बरा म्हटलेला सिनेमा गल्ली पाहायची, वाईट म्हटलेला टाळायची. आज वर्तमानपत्रात तारे देतात ना सिनेमाला, चार तारे, साडेतीन तारे? आमच्या गल्लीचे तारे बाच्या तोंडात होते.

पण काठ बा पाहतच नव्हता. त्याला दिसतच नव्हतं.

मला ते कसं कळलं सांगते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. बा मला सिनेमाला सोबत न्यायला लागला. एवढ्या लहान मुलीला पुरुषांच्या बाकावर कोणी हटकत नसे. एका खेळात पडद्यावर फक्त नदी होती, एक रिकामी नाव वाहत होती, बाकी काही नाही. बा कानाशी लागून म्हणाला, "काय नेसली वं ते?" मी म्हटलं, "बा, बाई कुठं आहे? नदी आहे."  बाहेर आल्यावर तो उन्हात माझा हात घट्ट धरून म्हणाला, "वच्छे, मले लांबचं दिसत नाही. जवळचं बी धुरावानी दिसते. मायले सांगू नको, दामूले तं अजिबात नको. सूत देणाऱ्या शेठले कळलं तं बारीक सूत बंद होईन, अन् सूत बंद झालं तं दामूची शाळा बंद. मॅट्रिक होईपर्यंत धकवून नेऊ." मी मान हलवली. मग लक्षात आलं, मान हलवून काय उपयोग! म्हटलं, "हो बा."

तेव्हापासून मी त्याचे डोळे झाले. बोलपट होता म्हणून निभावलं. संवाद आणि गाणी तो कानानं टिपायचा, गोष्ट त्याला माझ्यापेक्षा चांगली कळायची. राहिला काठ. तो मी अंधारात त्याच्या तळहातावर बोटानं काढून दाखवायची. फुलाचा असला तर गोल पाकळ्या, चटईचा असला तर चौकडी, करवती असला तर करवतीचे दात, वरखाली, वरखाली. रुंदी बोटांनी. तो मूठ मिटून घ्यायचा, जणू तिथं ठेवून दिलं. घरी आल्यावर ताण्याचे धागे बोटांनी मोजून मोजून तोच काठ मागावर उतरवायचा. त्याची बोटं धाग्याला ओळखायची. रंगांच्या कांड्या मी ठरलेल्या जागी ठेवायची, डावीकडे लाल, मधे हिरव्या. कधीकधी मी चुकीनं दुसरीकडे ठेवल्या तर माय जाता येता गुपचूप नीट लावून ठेवायची. तेव्हा मला वाटे, मायला टापटीप आवडते. किती बावळट होते मी.

ओट्यावर बा माझी वाक्यं बोलायचा. "काठ बोजड आहे, बाईपेक्षा काठच मोठा" हे माझं होतं. नथ्थूकाका मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा रे गड्या, काय नजर आहे!" मी पलीकडे कांड्या भरत मनातल्या मनात फुगून जायची. खोटं कशाला बोलू, मला तो रुबाब आवडायला लागला होता. आज नात मला थंडगार थिएटरात नेते, खुर्ची मागे रेलते, पडद्यावर रंगच रंग, आणि मला अजून आधी काठच दिसतो. ती विचारते, "आजी, कसा वाटला?" मी म्हणते, "बरा होता." यापलीकडे मी सिनेमावर बोलत नाही. त्याचं कारण तो हंसाचा सिनेमा.

नाव सांगत नाही त्याचं, लोक आता विसरले असतील. भाऊची परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली होती. शेठनं, म्हणजे आम्हाला सूत देऊन माल घेणाऱ्या दुकानदारानं, बाला आधीच सांगून ठेवलं होतं, "बुवा, या सिनेमाचा काठ तुम्हीच आधी आणायचा. मी उमरेडच्या अन् वर्ध्याच्या दुकानदारांना शब्द दिला आहे." त्यासाठी रेशमासारखं बारीक सूत त्यानं घरी पाठवलं होतं. रविवारी तीनच्या खेळाला आम्ही बसलो. गोष्ट साधी होती. एका बाईचं मूल आजारी असतं, नवरा परगावी, आणि ती एकटी रात्रभर त्याच्या उशाशी बसते. गाणं नाही, बोलणं नाही. नुसतं तिचं तोंड पडद्यावर, एवढं मोठं. मी तोवर सिनेमात एकाही बाईचं तोंड नीट पाहिलं नव्हतं, देवाशपथ! माझी नजर नेहमी पदरावर. त्या दिवशी कशी कोण जाणे वर गेली आणि तिथंच चिकटली. ती बाई मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होती, पुन्हा करत होती, आणि मूल गेलेलं आहे हे तिच्या तोंडाला कळलं होतं पण हातांना कळलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माझा एक धाकटा भाऊ असाच गेला होता, तापानं, आणि माय अशीच बसली होती.

मग ती बाई उठली असावी, कारण बाकांवर एकदम हुंकार उठला. "अहाहा! काठ पाय गा!" बानं तो ऐकला. त्यानं तळहात माझ्यापुढे धरला. "काय आलं वं?" मला काहीच दिसत नव्हतं, डोळे भरलेले, आणि तिचं तोंड सोडून मला काही पाहायचंही नव्हतं. बानं कोपरानं ढोसलं. "वच्छे, काय आलं?" मला राग आला. हो, रागच आला त्या मेल्या काठाचा, आणि बाचाही. मी त्याचा हात ओढला आणि काढायला सगळ्यात सोपं ते काढलं, वरखाली, वरखाली. "करवती," म्हटलं.  "करवती?" बा म्हणाला, "अन् एवढे कल्ला करून राहिले?" "हो, करवतीच," मी म्हटलं. त्यानं मूठ मिटली.

परत येताना मला सांगता आलं असतं. लोक पुढे काठाबद्दल बोलत होते, पण आम्ही मुद्दाम मागे राहून चालायचो, त्याला खड्डे सांगावे लागत म्हणून. मी म्हणू शकले असते, बा, मी रडत होते, मला दिसलं नाही, उद्या पुन्हा जाऊ. पण माझी नजर म्हणजे केवढी, आणि ती चुकली हे कबूल कसं करायचं! शिवाय वाटलं, करवती काय आणि दुसरं काय, नाहीतरी आपल्याकडे करवती चालतोच. पोरकट बुद्धी. सोमवारी बा ओट्यावर गेलाच नाही. शेठचं काम आधी, म्हणून भल्या पहाटे मागावर बसला आणि दोन आठवडे उठला नाही. इतकं सुरेख काम मी त्याच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. दात असे एकसारखे की हात फिरवावा. मायनं एकदा विचारलं, "काहून जी, नथ्थूभाऊजीच्या मागावर तं वेगळंच काही दिसून राहिलं?" बा हसून म्हणाला, "त्याले दिसते काय!"

माल घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो. मी त्याचं बोट धरलेलं, बघणाऱ्याला वाटावं त्यानंच माझं धरलं आहे. नथ्थूकाका आधीच तिथं बसले होते. शेठनं घडी उलगडली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "बुवा, हे काय? हंस कुठं आहेत?"

"कोणते हंस?" बा म्हणाला.

"अरे, पूर्ण शहर हंस हंस करून राहिलं!" नथ्थूकाका म्हणाले. "हातभर काठ, हंसांची रांग. तू माह्या बाजूले तं बसला होता. झोपला होता काय गा?" आणि ते हसले. वाईट मनानं नाही, रोजच्यासारखेच हसले. त्यांनी आपलं लुगडं बाच्या हातात दिलं. त्यांनी वेडेवाकडे का होईना, हंस काढले होते. बानं काठावरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा. मान, पाठ, शेपटी. त्याची बोटं थांबली ते मी पाहिलं. मग म्हणाला, "छान आहे." लुगडं त्यानं उलटं धरलं होतं. धाग्यांची टोकं वर आणि नक्षी खाली.

 शेठ बाच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्यानं हात पुढे केला. "बुवा, किती बोटं आहेत?"

मला सांगता आलं असतं. माझं बोट आता बाच्या मुठीत होतं. पण मी थिजले होते.

"दोन," बा म्हणाला.

शेठनं मूठ मिटलेली होती.

त्याच संध्याकाळी शेठचा माणूस येऊन उरलेलं बारीक सूत घेऊन गेला. जाडंभरडं विणायला देतो म्हणाला, तेवढी त्याची माणुसकी. भाऊ आतून पुस्तक हातात घेऊनच बाहेर आला. मी त्याला तसं ओरडताना आधी कधी ऐकलं नव्हतं. "तुले दिसत नव्हतं तं काहून गेला सिनेमाले? कोणी सांगितला तुले करवती? कोणाच्या सांगण्यावर काढला?"

मी रहाटावर होते. रहाट थांबला. मायनं माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि पुन्हा चुलीकडे वळली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

"कोणी नाही सांगितला," बा म्हणाला. "म्याच अंदाजानं काढला. वाटलं, जमन."

"अंदाजानं!" भाऊ म्हणाला. "माहं सारं आयुष्य तुह्या अंदाजावर!" आणि त्यानं पुस्तक मागाच्या खड्ड्यात फेकलं. जेवायच्या वेळी मायनं मला रोजच्यासारखी भाकर वाढली. मी ती खाल्ली. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते, की मला भूक लागली होती.

भाऊ परीक्षेला बसला नाही. महिन्याभरात गिरणीच्या भोंग्यावर जायला लागला. कापसाचा भुगा केसांत घेऊन यायचा, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याला खोकला लागला तो जन्मभर गेला नाही. बाशी तो पुन्हा नीट बोलला नाही. एकाच घरात, एकाच पंगतीला बसून, "पाणी दे म्हणा त्याले" असं मायमार्फत. बा ओट्यावर जाईनासा झाला. सिनेमा तर संपलाच. आणि आता पुढचं ऐका, भाऊच्याच पगारावर मी शिकले. गल्लीतली पहिली मॅट्रिक झाले ती मी, पुढे मास्तरीण झाले. हे जे लिहिते आहे ना, ही अक्षरंही त्याच्या पगाराची.

बा जायच्या वर्षी मी माहेरी आले होते. तो खाटेवर पडून असे, डोळे पूर्ण गेलेले. दुपारी घरात कोणी नव्हतं. एकदम म्हणाला, "वच्छे, त्या हंसाची मान इकडं होती का तिकडं?"

"मले माहीत नाही, बा. म्या पाह्यलेच नाही हंस."

"मंग काय पाह्यलं वं?"

"तिचं तोंड."

त्यानं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "कसं होतं?"

मी तेव्हा पोरांना शिकवणारी बाई, दिवसभर बोलणारी. मला एक शब्द सुचला नाही. त्यानं वाट पाहिली, मग कूस बदलली. "राहू दे," म्हणाला. तो मेला तेव्हा भाऊनं खांदा दिला, सगळं रीतसर केलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही.

भाऊला सांगायचं मी कितीदा ठरवलं. राखीला जायची तेव्हा ठरवून जायची. तो दारातच म्हणे, "आली माही मास्तरीण!" आणि माझी पेटी उचलून घ्यायचा, खोकत खोकत. कसं सांगायचं? माझ्यापाशी एवढं एकच माणूस होतं अभिमानानं बघणारं.

त्याला जाऊन आता चार वर्षं झाली. त्याच्या आधी आठवडाभर मी त्याच्या उशाशी होते. त्याचा नातू, कॉलेजात जाणारा, पाय दाबत बसला होता. त्यानं सहज विचारलं, "आजोबा, तुम्ही इतके हुशार, मग मॅट्रिक का नाही केली?" भाऊला दम लागत होता, तरी तो उठून बसला. इतक्या वर्षांनीही त्याचा आवाज चढला. "माह्या बापानं होऊ देली नाही. आंधळा झाला होता, पण कबूल करन तं शपथ! कोणाले इचारलं नाही, पुसलं नाही, आपल्याच अंदाजानं काठ काढला. इचार तुह्या आजीले. ती होती तिथं."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. "खरं का आजी?"

भाऊही माझ्याकडेच पाहत होता.

"हो," मी म्हणाले. "फार हट्टी होता."